हजार शब्दांचा फसवा हिशेब

'एक चित्र हजार शब्दांच्या तोडीचे असते' हे वाक्य आता साहित्याच्या वर्गातही सुभाषिताच्या थाटात उच्चारले जाते, याचे आम्हांस वैषम्य वाटते. शब्दांवर ज्यांचे पोट चालते त्यांनी तरी हा हिशेब एकदा तपासून घ्यायला हवा होता. महाविद्यालयांच्या वार्षिकांकांत जगभरातली 'थक्क करणारी' छायाचित्रे पानभर छापली जातात आणि खाली बारीक टाइपात ओळ असते : 'आंतरजालावरून साभार'. आभार नेमके कोणाचे? आंतरजाल हे काही कोणा छायाचित्रकाराचे आडनाव नव्हे. आणि छायाचित्रात जो माणूस दिसतो आहे, त्याचा तर आभारातही उल्लेख नाही.

या प्रकाराचे समर्थन असे केले जाते, की थोर छायाचित्राला मजकुराची गरज नसते. ते स्वतःच बोलते. या दाव्याची परीक्षा घ्यायची तर ती दुय्यम उदाहरणावर नको, सर्वांत थोर मानल्या गेलेल्या छायाचित्रावरच घेऊ.

मार्च १९३६. कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाण्याच्या शेंगा तोडणाऱ्या मजुरांचा तळ. पीक गारठ्याने गेलेले. अमेरिकी सरकारच्या पुनर्वसन खात्यासाठी काम करणाऱ्या डोरोथिया लँग तेथे थोडाच वेळ थांबल्या आणि एका स्त्रीची मोजकी छायाचित्रे घेऊन निघून गेल्या. त्यांतले एक 'मायग्रंट मदर' या नावाने जगभर गेले : गालाशी टेकलेला हात, दोन्ही खांद्यांशी तोंड लपवून बिलगलेली दोन मुले, मांडीवर तान्हे मूल. लँग यांनी वय विचारले, बत्तीस. नाव विचारले नाही. हे त्यांनी स्वतःच १९६० साली लिहून ठेवले आहे. गाडीचे टायर विकून या लोकांनी अन्न आणले, असेही त्यांनी त्याच लेखात लिहिले.

छायाचित्राचे सामर्थ्य आम्ही नाकारत नाही. 'सॅन फ्रान्सिस्को न्यूज'मध्ये ही छायाचित्रे आल्यावर त्या तळावर सुमारे नऊ हजार किलो धान्यसामग्री पोहोचली. उपाशी माणसांना अन्न मिळाले, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र तोपर्यंत ती स्त्री आणि तिची मुले तळ सोडून पुढच्या कामाच्या शोधात निघून गेली होती.

पुढे बेचाळीस वर्षे ते छायाचित्र 'स्वतःच बोलत' होते. काय बोलले? टीकाकारांना त्यात मॅडोना दिसली, युरोपीय चित्रपरंपरेतली येशूची माता दिसली, श्वेतवर्णीय अमेरिकेच्या सोशिकतेचे प्रतीक दिसले. १९७८ साली मोडेस्टो येथील वृत्तपत्रामुळे त्या स्त्रीचे नाव कळले : फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. त्या चेरोकी होत्या. १९०३ साली, आज जो ओक्लाहोमा आहे त्या 'इंडियन टेरिटरी'त जन्मलेल्या. मूळ भूमीवरून हुसकावून लावलेल्या जमातीची ती लेक. मॅडोनाच्या सगळ्या रसग्रहणांना पुरून उरेल एवढा इतिहास या एका वाक्यात आहे, आणि त्यातले अक्षरही छायाचित्रात दिसत नाही. ते शब्दांनीच सांगावे लागले. टायर विकल्याची गोष्टही कुटुंबीयांनी खोडून काढली : गाडी बिघडली होती आणि ती दुरुस्त होईपर्यंत ही मंडळी त्या तळावर थांबली होती. स्वतः फ्लॉरेन्स यांना छायाचित्राचा अभिमान नव्हता, संताप होता. आपले नाव विचारले नाही, एक प्रत पाठवते म्हणून सांगितले तीही आली नाही आणि आपल्याला त्यातून छदामही मिळाला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. (छदाम लँग यांनाही फारसा मिळाला नाही, सरकारी कामातले छायाचित्र म्हणून त्यावर हक्क सर्वांचा. पण कीर्ती मिळाली, आणि कीर्तीला नाव लागते.)

'चित्र निर्मळ असते, शब्दच त्याला रंग लावतात' म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक तपशील. मूळ निगेटिव्हमध्ये उजव्या कोपऱ्यात तंबूच्या खांबावर एक अंगठा दिसत होता. लँग यांना तो खटकला. काही वर्षांनी त्यांनी तो पुसून घेतला. सर्वत्र मिरवते ती ही दुरुस्त प्रत. म्हणजे कवितेच्या पाठभेदांवर आपण जो काथ्याकूट करतो, तो इथेही करायला हवा. पण छायाचित्र दिसले की आमचे साक्षेपी संशोधकही एकदम भाविक होतात.

गंमत अशी, की शब्दांचे मोल लँग यांना पुरेपूर ठाऊक होते. पती पॉल टेलर हे अर्थशास्त्रज्ञ. दोघांनी मिळून १९३९ साली 'अ‍ॅन अमेरिकन एक्झोडस' हे पुस्तक केले, त्यात छायाचित्रांसोबत विस्थापितांचे स्वतःचे उद्गार जागोजाग छापले. छायाचित्र मुके असते हे ज्या बाईंनी ओळखले होते, त्यांचेच सर्वांत गाजलेले काम आपण मुके करून भिंतीवर लावतो.

कोणी म्हणेल, नाव नसल्यामुळेच ती एक स्त्री सर्व दुःखितांची प्रतिनिधी झाली. हा युक्तिवाद साहित्यातही जुना आहे, आणि तो नेहमी प्रतिनिधीच्या वतीने दुसरेच कोणी करते. १९८३ साली फ्लॉरेन्स आजारी पडल्या, उपचारांना पैसा नव्हता. मुलांनी आईच्या नावानिशी आवाहन केले, तेव्हा लोकांकडून दोन हजारांहून अधिक पत्रे आणि सुमारे पस्तीस हजार डॉलर आले. प्रतीकाला इतकी वर्षे कोणी औषध पाठवले नव्हते. त्याच वर्षी सप्टेंबरात त्या गेल्या.

वर्गात 'चित्रवर्णन' म्हणून असे छायाचित्र पुढे ठेवून विद्यार्थ्यांकडून कारुण्याचे दहा-वीस ओळींचे गद्य लिहून घेतले जाते. आमचा आग्रह असा, की त्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे मागावीत : हे कोण, हे कोठे, हे कोणी आणि कोणासाठी टिपले? उत्तरे न मिळाल्यास छायाचित्र वार्षिकांकात छापू नये. पान कोरे राहील, राहू दे.