वृक्कविकार : आपल्याही कपाटाकडे पाहावे

विठ्ठलवाडीच्या चिकित्सालयात पायांवर सूज, फेसाळ मूत्र, अरुची अशी लक्षणे घेऊन रुग्ण येतो, तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. मधुमेह व उच्च रक्तदाब ही प्रमुख कारणे. वेदनाशामक गोळ्यांचे दीर्घ सेवन त्यांत भर घालते. परंतु दोष केवळ इतरांचा नव्हे. ईश्वरी अर्थात सापसण हिच्यातील ॲरिस्टोलोकिक आम्ल वृक्कघातक आहे. याच कुळातील वनस्पतीमुळे, कृशतेसाठी औषध घेणाऱ्या बेल्जियममधील स्त्रियांचे वृक्क निकामी झाल्याचे १९९३ साली प्रसिद्ध झाले. अशुद्ध रसकल्पही निर्धोक नव्हेत. म्हणून वैद्यबंधूंनी दीर्घ रसचिकित्सेपूर्वी रक्तातील क्रिएटिनिन व मूत्रातील अल्ब्युमिन अवश्य तपासावे. औषधविक्रेत्यांनी रसकल्प व वेदनाशामके चिठ्ठीविना देऊ नयेत. शास्त्राची प्रतिष्ठा यातच आहे.