ऐंशीतला नवा अल्बम

'रोलिंग स्टोन्स'नी २०२३ मध्ये 'हॅकनी डायमंड्स' काढला तेव्हा मिक जॅगर ऐंशीचा होता, आणि स्वतःच्या नव्या गाण्यांचा त्यांचा आधीचा अल्बम होता थेट २००५ चा. दौऱ्याची तिकिटं खपवायला केलेली ही सोय, असा आक्षेप सहज घेता येतो. पण या मंडळींची मैदानं जुन्या गाण्यांवरच भरतात. तिकिटांसाठी नव्याची गरज काय? तरुण निर्माता अँड्र्यू वॉटने आवाजाला फार झिलई दिली, हे मात्र मला अर्धंअधिक पटतं. काही गाणी नको इतकी चकचकीत आहेत. तरी शेवटचं ऐकावंच: शिकागोचा ब्लूज गायक मडी वॉटर्सचं १९५० मधलं गाणं, ज्यावरून बँडने आपलं नाव उचललं. ड्रम नाहीत, बास नाही. कीथ रिचर्ड्सची गिटार, जॅगरचा आवाज आणि हार्मोनिका, बस्स. विशीत हेच गाणं त्यांच्या तोंडी उसनं वाटलं असतं. रॉकला तारुण्याची अट बाजाराने घातली. शिकागोच्या ज्या ब्लूजवर हा बँड पोसला, तिथे ती नव्हती. खुद्द मडी वॉटर्सने साठी ओलांडल्यावर, १९७७ मध्ये, 'हार्ड अगेन' काढला आणि त्याला ग्रॅमीही मिळालं.