गोळ्यांची वही

वृद्धाश्रमांतील वृद्धांस काय हवें, असा प्रश्न निघाला कीं ‘माया’ हें एकच उत्तर आमच्या सुशिक्षित समाजास सुचतें. मायेचें महत्त्व आम्ही नाकारीत नाहीं. परंतु औषधांच्या बाबतींत नुसती माया पुरत नाहीं, हें स्पष्ट सांगणें आम्हांस प्राप्त आहे.

साजगावसारख्या निवांत जागीं वडील माणसांची सोय व्हावी, असें मुंबई-पुण्याच्या कुटुंबांस वाटणें स्वाभाविक आहे. पण माणसाबरोबर गोळ्यांची पिशवीही येते: रक्तदाबाच्या एका डॉक्टरच्या, मधुमेहाच्या दुसऱ्याच्या, सांध्यांच्या तिसऱ्याच्या. एकच औषध दोन व्यापारी नांवांनीं दोनदां पोटांत जातें. रक्त गोठूं न देणाऱ्या वॉरफरिनवर आयबुप्रोफेनची गोळी पडली, तर रक्तस्रावाचें भय वाढतें. संधिवातावरील मेथोट्रेक्सेट आठवड्यांतून एकदां घ्यावयाचें. तें रोज दिल्यानें माणसें दगावलीं आहेत. येथें माया काय करील? मायाळू हात चुकीची गोळीही आग्रहानें भरवील!

आश्रम म्हणजे घर, घरांत वह्या कसल्या, असा आक्षेप कोणी घेईल. घरीं एकाच्या गोळ्या एकजण जपतो. आश्रमांत एकीच्या हातीं अनेकांच्या गोळ्या असतात, आणि रात्रीं पाळी बदलली कीं तो हातही बदलतो. सकाळीं काय दिलें, हें रात्रपाळीच्या सेविकेस सांगणार कोण?

ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयींच्या 2007 सालच्या कायद्यानें वृद्धाश्रमांतील वैद्यकीय सेवा व करमणूक यांचा दर्जा ठरविण्याचा अधिकार राज्य सरकारांस दिला. करमणुकीचा दूरदर्शन-संच दारांतूनच दिसतो. औषधांची वही कोणी मागतही नाहीं. अमेरिकेंत मार्क बीअर्स यांनीं शुश्रूषागृहांतील वृद्धांस कोणतीं औषधें शक्यतों देऊं नयेत याची यादी 1991 सालींच सिद्ध केली होती.

आमचें मागणें अवाढव्य नाहीं. प्रत्येकाच्या सर्व औषधांची एकच यादी, गोळी दिल्याबरोबर वेळ व सही, न दिल्यास कारण, आणि ठराविक मुदतीनें एका डॉक्टराकडून त्या यादीची छाटणी. सरकारनें हें सक्तीचें करावें. तोंवर मुलांनीं खोली व जेवण पाहण्यापूर्वीं ही वही पाहावी.

साजगावच्या कार्तिकी यात्रेंत सुके बोंबील विकणारासही उधारी लक्षांत ठेवावयाची तर ती लिहूनच ठेवावी लागते. आईच्या गोळीची किंमत त्या उधारीहून कमी कां ठरावी?