गंज लोखंडाला, बळी कामगाराचा

नागपूरला समुद्र नाही. तेव्हा समुद्रातील तेलाच्या जहाजांशी आपला संबंध काय, असे आमचे काही वाचक विचारतील. संबंध आहे. कंत्राटदार मजूर शोधत फिरतो तेव्हा गावाला समुद्र आहे की नाही हे पाहत नाही. घरात शेत नाही आणि नोकरी नाही, एवढेच पाहतो.

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ मध्ये ‘मुंबई हाय’ तेलक्षेत्र सापडले. तेथील तेल आणि वायू पाइपलाइनने किनाऱ्यावर येतो. पण दूरच्या किंवा लहान क्षेत्रांपर्यंत पाइपलाइन टाकणे परवडत नाही. तेथे एक मोठे जहाज नांगरून ठेवतात. विहिरीतले तेल त्यावर घ्यायचे, पाणी व वायू वेगळा करायचा, तेल पोटात साठवायचे आणि टँकर आला की द्यायचे. याला एफपीएसओ म्हणतात. ओएनजीसीच्या डी-१ क्षेत्रावर २०१३ मध्ये ‘आर्मडा स्टर्लिंग’ हे असे जहाज आले. काकीनाड्यासमोरच्या क्षेत्रातून ७ जानेवारी २०२४ रोजी अशाच दुसऱ्या जहाजावर तेल सुरू झाले.

साधे जहाज काही वर्षांनी गोदीत जाते, खरवडले जाते, रंगवले जाते. हे जहाज पंधरा-वीस वर्षे जागचे हलत नाही. खारे पाणी मात्र रोज लोखंड खाते. म्हणून आधी जाड इपॉक्सी रंग देतात. मग बुडालेल्या भागाला जस्ताचे वा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ठोकळे जोडतात. ठोकळा स्वतः झिजतो आणि लोखंड वाचते. सर हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ही युक्ती इंग्रजी आरमाराच्या जहाजांवर वापरून पाहिली होती. आज काही ठिकाणी ठोकळ्यांऐवजी वीजप्रवाह सोडतात आणि संरक्षण मिलिव्होल्टमध्ये मोजतात.

पण ही युक्ती पाण्याखालीच चालते. जेथे लाटा आदळतात तो पट्टा, डेक आणि टाक्यांचा वरचा कोरडा भाग यांना रंगाचाच आधार. रंग सुटला की माणसाला आत उतरून, घासून, पुन्हा रंग द्यावा लागतो. तेही भर समुद्रात.

येथेच खरा धोका आहे. गंज म्हणजे लोखंडाने प्राणवायू ओढून घेणे. बंद टाकीत गंज चढत राहतो आणि आतल्या हवेतला प्राणवायू संपवत जातो. मोकळ्या हवेत तो २१ टक्के असतो, १९.५ च्या खाली जागा असुरक्षित मानतात. टाकीत वास येत नाही, धूर दिसत नाही. माणूस शिडी उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. तेलाच्या टाकीच्या तळच्या पाण्यात जिवाणू विषारी वायू तयार करतात, तो वेगळाच.

हे वर्णन आमच्या वाचकांना ओळखीचे वाटेल. गटारात उतरणारा माणूस असाच मरतो. त्याच्यासाठी चळवळ लढली. २०१३ चा कायदा झाला. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी भरपाई ३० लाख रुपये केली. जहाजाच्या टाकीतला मजूर मात्र कोणाच्या डोळ्यांसमोर नाही.

कायदा नाही असे नाही. समुद्रातील तेलकामाच्या सुरक्षेचे नियम २००८ मध्ये आले. पण मूळ कंपनी, तिचा कंत्राटदार, त्याचा उपकंत्राटदार अशी उतरंड आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या ‘सेल’ निकालात सांगितले की, कंत्राटी पद्धत बंद केली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत कंत्राटी कामगारांच्या तरतुदींची मर्यादा २० वरून ५० कामगारांवर नेली. रंगकामाची टोळी केवढी असते? ४९ माणसांत कितीतरी टाक्या रंगवून होतात.

मे २०२१ च्या तौक्ते वादळात पी-३०५ हा बार्ज आणि ‘वरप्रदा’ ही टग बुडून ८६ जण गेले. ते गंजाने नव्हे, वादळाने मेले. पण तेलक्षेत्राच्या कामावरचे बहुतेक कंत्राटी हात होते, हे देशाला तेव्हा कळले.

देखभाल थांबली तर काय होते, तेही जगाने पाहिले. येमेनसमोर उभ्या ‘सेफर’ या साठवण जहाजाची देखभाल २०१५ मध्ये युद्धामुळे थांबली. ते गंजत गेले. अखेर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यातले ११ लाखांहून अधिक पिंप तेल दुसऱ्या जहाजात उतरवले. तेव्हा हे काम हवेच. प्रश्न ते कोणाच्या जिवावर होते, एवढाच आहे.

डिसेंबर १९४३ मध्ये मजूर मंत्री म्हणून बाबासाहेब धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. आज टाकीत उतरण्यापूर्वी हवा मोजली का, हे विचारायला कोण जातो? आमची मागणी साधी आहे. प्रत्येक वेळी प्राणवायूची नोंद व्हावी आणि ती कामगाराच्या हाती द्यावी. बाहेर बचावाचा माणूस व साहित्य तयार असल्याशिवाय कोणी उतरू नये. कंत्राटांच्या कितीही पायऱ्या असल्या तरी मृत्यूची जबाबदारी मूळ कंपनीची असावी. लोखंडाचे संरक्षण मिलिव्होल्टमध्ये मोजणाऱ्यांना हवा मोजणे अवघड नाही. कामावर जाणाऱ्या आपल्या मुलांना कार्यकर्त्यांनी एवढे तरी सांगून पाठवावे: मीटर दाखवल्याशिवाय शिडीवर पाय ठेवू नकोस.