नव्वद दिवसांचा पहिला नंबर

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीचा माणूस दोन आकडे कायम वेगळे ठेवतो. एक झिरो किलोमीटरचा, दुसरा फील्डचा. गाडी कंपनीच्या जुळणीच्या लाइनवरच भाग नापास झाला तर ती झिरो किलोमीटरची तक्रार. गाडी विकली गेली, वीस-तीस हजार किलोमीटर पळाली आणि मग भाग वॉरंटीत परत आला तर ती फील्डची. दोन्ही दहा लाख नगांमागे किती, अशाच मोजतात; पण त्यांची गल्लत केलेली कुणाला चालत नाही. पहिला आकडा तपासणी किती कडक ते सांगतो, दुसरा मुळात माल कसा होता ते.

हाच माणूस स्वतःसाठी गाडी घ्यायला कोल्हापूरला गेला, की ‘अमक्या सर्वेक्षणात अमका ब्रँड दर्जात पहिला’ या एका ओळीवर निम्मा निर्णय घेऊन मोकळा होतो. दिवसभर पाळलेला फरक शोरूमच्या दारात चपलांबरोबर बाहेर राहतो.

क्रमवारीवाल्यांची बाजू आधी नीट मांडली पाहिजे. अमेरिकेतली जे. डी. पॉवर ही संस्था १९६८ची. १९८७पासून ती ‘सुरुवातीच्या दर्जा’ची पाहणी करते: नवी गाडी घेतल्यावर पहिल्या ९० दिवसांत काय काय बिघडलं, हे हजारो मालकांना विचारायचं आणि शंभर गाड्यांमागे किती तक्रारी ते काढायचं. कमी तक्रारी, वरचा नंबर. भारतातही अशी पाहणी १९९७पासून झाली. इथे पहिल्या दोन ते सहा महिन्यांच्या मालकांना विचारत. समर्थकांचं म्हणणं असं, की जी कंपनी गाडी नीट जुळवते ती नीट घडवतेही. शिस्त एकच असते. हे म्हणणं अगदीच पोकळ नाही. टोयोटाची लेक्सस सुरुवातीच्या यादीतही बरेचदा वर असते आणि तीन वर्षांनंतरच्या यादीतही. तेव्हा या याद्या पैसे देऊन छापलेल्या असतात, असा सरसकट शेरा मारणाऱ्यांशी मी सहमत नाही. पुरस्काराचं चिन्ह जाहिरातीत वापरायला कंपन्या पैसे मोजतात, हे खरं. पण त्यामुळे पाहणी खोटी ठरत नाही.

माझा आक्षेप ती काय मोजते यावर आहे. फोनचं ब्लूटूथ जुळत नाही, ही एक तक्रार. गिअरबॉक्स झटके मारतो, हीसुद्धा एकच. २०११ साली फोर्ड या यादीत पाचव्यावरून एकदम तेविसाव्या नंबरवर आली. मुख्य कारण म्हणजे नवी टचस्क्रीन लोकांना वापरता येईना. त्याच जोडीला नव्या ऑटोमॅटिक गिअरबद्दल कुरकुर होती. स्क्रीनचा वैताग पुढे सॉफ्टवेअर बदलून बराच कमी झाला. फिएस्टा आणि फोकसचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स मात्र कोर्टापर्यंत गेला. म्हणजे धोक्याची सूचना त्या पाहणीत होती, पण स्क्रीनच्या तक्रारींबरोबर एकाच बेरजेत गेल्यामुळे ‘तेविसावा’ या आकड्यातून ती कुणाला दिसली नाही. ज्याला कळायला हवं होतं त्याला फक्त एवढंच कळलं, की फोर्ड घसरली.

याच्या उलट्या बाजूची गोष्ट किआची आहे आणि ती आपल्याकडच्या मशीन शॉपमधल्या कुणालाही लगेच कळेल. क्रँकशाफ्टमध्ये तेल वाहून नेणारी बारीक भोकं असतात. ड्रिल मारलं की भोकाच्या तोंडाशी पातळ, धारदार कड उरते, तिला शॉपवर ‘बर’ म्हणतात. ती काढायची, भाग धुवायचा, आणि धुतलेला द्राव बारीक जाळीच्या कागदातून गाळून कागदावर किती मिलिग्रॅम कचरा उरला ते काट्यावर बघायचं. ती मिलीपोर टेस्ट. ऑपरेटरला या कामाचा कंटाळा येतो, कारण डोळ्यांना काहीच दिसत नाही. अमेरिकेतल्या अलाबामाच्या कारखान्यात ह्युंदाई-किआच्या थीटा-२ इंजिनात नेमकं इथेच चुकलं. क्रँकच्या तेलवाटेत धातूचे कण राहिले. ते तेलाबरोबर कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगपाशी पोचले, तेल कमी पडलं, बेअरिंग घासलं, इंजिन ठकठक करू लागलं आणि काही गाड्यांत चालत्या रस्त्यावर जाम झालं. सप्टेंबर २०१५मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा परत बोलावल्या गेल्या. २०१७मध्ये ह्युंदाई आणि किआ मिळून आणखी जवळपास १२ लाख गाड्या. रिकॉलला उशीर केला म्हणून नोव्हेंबर २०२०मध्ये दोघींवर मिळून २१ कोटी डॉलरचा दंड ठरला. त्यातला काही भाग सुरक्षेच्या कामांवर खर्चायच्या अटीवर.

याच काळात, २०१६ आणि २०१७ या दोन्ही वर्षी, सुरुवातीच्या दर्जात सगळ्या ब्रँडांत पहिली होती किआ. शंभर गाड्यांमागे तक्रारी ८३, पुढच्या वर्षी ७२.

नंबर मिळालेल्या गाड्या आणि परत बोलावलेल्या गाड्या वेगळ्या वर्षांच्या होत्या, हे मान्य. म्हणून त्या यादीला खोटं म्हणता येत नाही. पण तेलवाटेतला कण नव्वद दिवसांत बोलत नाही, तो साठ-सत्तर हजार किलोमीटरनंतर बोलतो, आणि त्या वेळी यादीवाले पुढच्या वर्षीच्या गाड्यांच्या मालकांना प्रश्न विचारत असतात. कागलच्या शेतकऱ्याला हे समजावायची गरज नाही. लागणीला जोमात आलेली उसाची जात खोडव्याला कशी फुटते, हे बघितल्याशिवाय तो बियाणं ठरवत नाही.

दुसरा आक्षेप ‘ब्रँड’ या हिशेबावरच. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन २००७ साली मारुतीच्या स्विफ्टमध्ये आलं, पुढच्या वर्षी टाटाच्या इंडिका व्हिस्टात, आणि फियाटच्या स्वतःच्या लिनिया-पुंटोत होतंच. एकच इंजिन, तीन चिन्हं, आणि बाजारात तिघांची पत जमीन-अस्मानाची. २०१९पासून तर मारुतीची बलेनो टोयोटाच्या शोरूममध्ये ग्लान्झा म्हणून मिळते. सुझुकीच्याच कारखान्यात बनलेली गाडी एका ब्रँडच्या खात्यावर जमा होते आणि जुळी बहीण दुसऱ्याच्या. मग ब्रँडच्या सरासरीला अर्थ काय राहिला? इंजिन, गिअरबॉक्स आणि मॉडेलचं वर्ष धरून विचारलं तरच उत्तराला काही किंमत आहे. पहिल्या वर्षाची इंडिका आणि २००१ची व्ही-२ या एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या गाड्या. पहिलीने मालकांना रडवलं, दुसरी पिवळ्या पाटीवर वर्षानुवर्षं पळाली.

आता दुसऱ्या गोटाकडे वळतो, कारण तिथलीही खात्री मला फसवी वाटते. ‘सर्व्हे-बिर्व्हे सोडा, मेस्त्रीला विचारा.’ मेस्त्रीचं ज्ञान खरं असतं, हिशेब खरा असतोच असं नाही. त्याच्या दारात बिघडलेल्याच गाड्या येतात, आणि ज्या गाड्या गावात जास्त त्याच जास्त येतात. हायवेवर चार लाख किलोमीटर झालेली जुनी इनोव्हा दाखवून ‘बघा, गाडी असावी तर अशी’ म्हणणाराही उरलेलीच गाडी बघतो; भंगारात गेलेली त्याच्या समोर येतच नाही. शिवाय ती इनोव्हा पुणे-बेंगळुरू रस्त्यावर सलग, गरम इंजिनावर पळालेली असते. एप्रिल २०२०नंतरच्या डिझेल गाड्यांना धूर गाळणारा फिल्टर असतो. तो स्वतःला साफ करायला लांब, वेगातली धाव मागतो. घर गैबी चौकाजवळ, काम एमआयडीसीत, एवढीच रोजची ये-जा असलेल्याने भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरचं ऐकून डिझेल एसयूव्ही घेतली, तर फिल्टर चोंदण्याचं दुखणं त्यालाच सोसावं लागतं. दोष गाडीचाही नाही आणि ड्रायव्हरच्या अनुभवाचाही नाही.

मग विसंबायचं कशावर? जे. डी. पॉवरची तीन वर्षांच्या गाड्यांची टिकाऊपणाची पाहणीही आहे, १९९०पासूनची. ती नव्वद दिवसांपेक्षा बरी. पण आपल्याकडे तीन वर्षांची गाडी म्हणजे पहिल्याच मालकाच्या हातातली गाडी. पुढची दहा-बारा वर्षं दुसऱ्या-तिसऱ्या मालकाची, आणि त्यांना कुणी विचारत नाही. जर्मनीत ट्यूव्ह ही तपासणी संस्था सक्तीच्या तपासणीतले निकाल मॉडेल आणि वयानुसार छापते, अगदी बारा-तेरा वर्षांच्या गाड्यांपर्यंत. तिथली वाहनचालकांची संघटना एडीएसी रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांची वेगळी आकडेवारी देते. या दोघांचंही नेहमी जुळत नाही: २०२३ अखेरच्या ट्यूव्ह अहवालात दोन-तीन वर्षांच्या गाड्यांत टेस्लाची मॉडेल ३ तळाला होती, जवळपास १५ टक्के गाड्यांत गंभीर दोष, आणि एडीएसी मात्र म्हणते, की नव्या इलेक्ट्रिक गाड्या रस्त्यात कमी बंद पडतात. एक जण ब्रेक, दिवे, सस्पेन्शन बघतो, दुसरा टो करायला जातो. वाचणाऱ्याला दोन्ही कळलं तर तो आपलं ठरवू शकतो.

आपल्याकडे अशी नोंदवही तयार आहे, फक्त उघडी नाही. पिवळ्या पाटीच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस काढावा लागतो. एर्टिगा, डिझायर, इनोव्हा, बोलेरो: ज्या गाड्या लोक घरासाठी घेतात त्याच भाड्यालाही पळतात, आणि दुप्पट-तिप्पट पळतात. कोल्हापूरच्या एमएच-०९ पाटीच्या अशा गाड्यांचे मॉडेल, इंजिन, वय, मीटर आणि नापास होण्याचं कारण एवढे रकाने जाहीर झाले, तर कुठल्याही पुरस्कारापेक्षा गाडी घेणाऱ्याच्या जास्त उपयोगाचे ठरतील. मालकाचं नाव वा नंबर लागत नाही, त्यामुळे खासगीपणाची सबब उरत नाही. कंपन्या म्हणतील, ड्रायव्हरच्या हयगयीचं खापर आमच्यावर फुटेल. हयगय सगळ्याच भाड्याच्या गाड्यांच्या वाट्याला येते. एकाच धंद्यातल्या एकाच वयाच्या गाड्या शेजारी ठेवल्या, तर ती दोन्हीकडून वजा होते.

हा प्रश्न निव्वळ खरेदीचा नाही. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ कलम आलं आणि सदोष गाड्या परत बोलवायचा आदेश द्यायचा अधिकार सरकारला मिळाला. नियम एप्रिल २०२१पासून लागू आहेत. त्यात गाडी सात वर्षांच्या आतली हवी, आणि मालकांनी ठरलेल्या प्रमाणात तक्रारी नोंदवायला हव्यात. तक्रार कुठे नोंदवायची, हेच ज्याला माहीत नाही तो मालक त्या टक्केवारीत धरला जात नाही. फिटनेसला नापास झालेली गाडी मात्र मालकाने तोंड न उघडताही नोंदली जाते.