‘किती रुग्ण लागतील?’ आणि त्याआधीचे प्रश्न

वैद्यकीय पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांचे आराखडे वाचले, तर त्यातला एक परिच्छेद हल्ली सगळीकडे सारखाच दिसतो : ‘अमुक सॉफ्टवेअर वापरून नमुना संख्या काढली, ती इतकी आली.’ ही संख्या कुठून आली, हे मात्र अनेकदा कुणालाच नीट सांगता येत नाही.

सोयी वाढल्या, ही चांगलीच गोष्ट आहे. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ विद्यापीठाचे ‘जी-पॉवर’ मोफत मिळते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने ‘एन-मास्टर’ तयार केले. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी ब्रिटनमधील ‘एनसी-थ्री-आर्स’ या संस्थेचे ‘एक्स्पेरिमेंटल डिझाइन असिस्टंट’ २०१५पासून उपलब्ध आहे. ते प्रयोगाची आकृती काढायला लावते आणि त्यातल्या उणिवाही दाखवते. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले की आख्खा आराखडाच समोर येतो. पण आपण जे भरतो त्यावरच सॉफ्टवेअरचे उत्तर अवलंबून असते.

उदाहरण घेऊ. एका आजारात १००पैकी २० रुग्ण दगावतात. नव्या उपचाराने हे प्रमाण १० टक्क्यांवर येईल, असे गृहीत धरले तर नेहमीच्या निकषांनुसार प्रत्येक गटात सुमारे २०० रुग्ण लागतात. तेच प्रमाण १५ टक्क्यांवर येईल असे धरले, तर प्रत्येक गटात सुमारे ९०० लागतात. अपेक्षा निम्मी केली आणि संख्या साडेचार पट झाली. इथेच मोह होतो. वर्षभरात ४०० रुग्णच मिळणार असतील, तर अपेक्षित फरक वाढवून संख्या बसवली जाते. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. अभ्यास पूर्ण होतो, फरक दिसत नाही आणि कदाचित उपयोगी असलेला उपचार ‘निरुपयोगी’ ठरतो. रुग्णांनी दिलेले रक्त आणि वेळ वाया जातो तो वेगळाच. म्हणून अपेक्षित फरक कुठल्या आधीच्या अभ्यासातून घेतला, हे आराखड्यात लिहिलेले हवे.

दुसरी गोष्ट गळतीची. ‘१० टक्के रुग्ण फेरतपासणीला येणार नाहीत’ हा आकडा सवयीने भरला जातो. रायगड जिल्ह्यातल्या वाड्यांवरची कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाला परततात. मार्चमधली फेरतपासणी ठेवली तर गळती किती होईल, हे जर्मनीतल्या सॉफ्टवेअरला कसे कळणार? २० टक्के गळती धरली, तर वरच्या उदाहरणातले २०० रुग्ण २५० होतात. हा आकडा आपल्या ओपीडीच्या नोंदवहीतूनच काढायला हवा.

तिसरी आणि सर्वांत जास्त फसवणारी बाब म्हणजे आपण नेमके मोजतो काय. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८मध्ये मुंबईच्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्या स्तनांची आणि अ‍ॅसिटिक आम्ल लावून गर्भाशयमुखाची तपासणी करत. चिठ्ठी मात्र एकेका स्त्रीच्या नावाने नव्हे, तर वस्त्यांच्या २० समूहांवर काढली होती. एका वस्तीतल्या स्त्रियांचे राहणीमान, दवाखाना, पाणी बरेचसे सारखे असते. त्यामुळे त्यांना दीड लाख स्वतंत्र व्यक्ती समजून गणित मांडले, तर निष्कर्ष खोट्या आत्मविश्वासाचे ठरतात. या अभ्यासाने हे भान ठेवले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचा त्याचा निष्कर्ष म्हणूनच जगभर वाचला गेला.

हाच नियम प्रयोगशाळेलाही लागू आहे. आपल्या खारघरमध्ये टाटा मेमोरियलचे ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. अशा कुठल्याही केंद्रात एका पिंजऱ्यात पाच उंदीर असतील आणि औषध पिंजऱ्याच्या पाण्यातून दिले असेल, तर प्रयोगाचे एकक पिंजरा ठरते. पाच उंदीर म्हणजे पाच स्वतंत्र पुरावे नव्हेत. आराखड्यात एकक चुकीचे भरले, तर पुढचे सगळे गणित बिनचूक असूनही व्यर्थ.

मुंबईच्या त्या अभ्यासावर टीकाही झाली. तुलनेच्या गटातल्या स्त्रियांना तपासणी न देता केवळ आरोग्यशिक्षण देणे योग्य होते का, हा तो प्रश्न. संशोधकांनी त्या वेळी देशात अशी नियमित तपासणी नव्हतीच, हे कारण दिले. यातली कुठली बाजू पटते हे ज्याने त्याने ठरवावे. पण हा निर्णय कुठल्याही सॉफ्टवेअरच्या रकान्यात बसत नाही. तो नैतिकता समितीत, माणसांनीच घ्यायचा असतो.

मग शिस्त कोणती? मुख्य प्रश्न आणि मुख्य निष्पत्ती एका वाक्यात आधी लिहावी, सॉफ्टवेअर नंतर उघडावे. संख्याशास्त्रज्ञाला माहिती गोळा झाल्यावर नव्हे, सुरुवातीलाच गाठावे. कोणत्या रुग्णाला कोणता गट, हे संगणकाने ठरवावे आणि ती यादी उपचार करणाऱ्या डॉक्टरांपासून लपवलेली असावी. भरलेले सर्व आकडे व सॉफ्टवेअरची आवृत्ती जपून ठेवावी. आराखडा बदलावा लागला, तर का बदलला हे उघडपणे नोंदवावे.

वाचकाच्या हातातही एक साधन आहे. औषधांच्या चाचण्यांची नोंदणी भारताच्या ‘सीटीआरआय’ या सरकारी नोंदवहीत २००९पासून सक्तीची आहे आणि ती कुणालाही पाहता येते. उद्या तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला अभ्यासात सहभागी व्हायची विनंती झाली, तर नोंदणी क्रमांक मागा. किती रुग्ण घेणार, तेवढेच का, आणि मला कोणत्या गटात टाकायचे हे कोण ठरवणार, हेही विचारा. आराखडा नीट केलेल्या संशोधकाला या प्रश्नांची उत्तरे साध्या मराठीत देता येतात. ती मिळाली नाहीत, तर सही करण्याची घाई करू नये.