बजाजनगर : ‘किरकोळ’ ठरवून वगळलेला इतिहास

१/ छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक क्षेत्रातील बजाजनगरचा इतिहास बहुधा १९८५ पासून सांगितला जातो. त्या वर्षी बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला. कामगार आले, वसाहत वाढली. या कथेत दुकानदार कुठेच नाही.

२/ वास्तविक तो वस्तीच्या नावातच बसलेला आहे. ‘बजाज’ हा शब्द अरबी ‘बझ्झाझ’वरून फारसीमार्गे आपल्याकडे आला. अर्थ : कापड विकणारा. यंत्रांच्या गावाला नाव लाभले ते कापडविक्याचे!

३/ हा निव्वळ शब्दखेळ नव्हे. जमनालाल बजाज वर्ध्याच्या बच्छराज सेठांच्या व्यापारी घराण्यात दत्तक गेले होते. पुढे १९४५ मध्ये स्थापन झालेल्या बजाज ऑटोचे मूळ नाव ‘बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ असे होते. १९४८ पासून ही कंपनी आयात केलेल्या दुचाकी-तीनचाकी गाड्या विकत असे. उत्पादनाचा परवाना मिळाला तो १९५९ मध्ये. आधी विक्री, मग कारखाना, असा हा क्रम आहे.

४/ जुन्या शहराकडे पाहा. गुलमंडी, शहागंज, जुना मोंढा. मंडी, गंज, मोंढा हे तिन्ही बाजाराचेच शब्द. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीचे पुढे औरंगाबाद झाले, आता छत्रपती संभाजीनगर. पेठांच्या नावांतला बाजार मात्र हलला नाही.

५/ कारखाना वेतन देतो, हे खरे. परंतु ते वेतन वस्तीत फिरते ते किराणा, भाजी, खानावळ आणि कापडदुकानांतून. आणि त्यावर आणखी कित्येक घरे चालतात. शिवाय उधारी आहे. ज्या कंत्राटी कामगाराला बँक दारात उभे करत नाही, त्याला दुकानदार पगारापर्यंत तेल-तांदूळ देतो. हा पतपुरवठाच होय. फक्त त्याला कुणी तसे म्हणत नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीत कारखान्यांची धडधड थांबली, किराणा दुकाने जीवनावश्यक म्हणून उघडी राहिली. पगार अडला की वहीतला आकडा वाढतो आणि जोखीम दुकानदाराच्या माथी येते.

अर्थात उधारीला उगाच सोज्वळ रंग देऊ नये. खाते असलेल्या गिऱ्हाइकाला दुकान बदलता येत नाही, भावाची घासाघीसही करवत नाही.

६/ मराठीत या व्यापाराला ‘किरकोळ’ म्हणतात. घाऊकच्या विरुद्ध तो किरकोळ. पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ क्षुल्लक, आणि इतिहासलेखनाने नेमका तोच उचलला. कंपन्यांचे वार्षिक अहवाल जपले जातात. कोणत्या महिन्यात घरात डाळ कमी आली, कुणाचे काम सुटले, कोण गावी परतले, हे ज्यांत उमटते त्या उधारीच्या वह्या हिशेब मिटला की रद्दीत जातात. वाळूजच्या औद्योगिकीकरणावर प्रबंध लिहू पाहणाऱ्याने अभिलेखागाराआधी बजाजनगरच्या जुन्या किराणा दुकानदारांकडे जावे. चाळीस वर्षांपूर्वी गल्ल्यावर बसलेली ती पिढी आता थकत चालली आहे.